चौथ्या ग्लासाचा वास

माणसाच्या पाच इंद्रियांत खरं बोलणारं इंद्रिय एकच, ते म्हणजे नाक. डोळे दिपतात, कान सोयीचं तेवढंच ऐकतात, जिभेला तर हाडच नसतं. पण नाकाने आजवर कुणाला फसवलेलं नाही. डॉ. शशिधर खांबेटे यांचं हे मत फार ठाम होतं. ते त्यांनी मांडलं तेव्हा त्यांच्या डोक्यावर टॉवेल होता, पुढ्यात गरम पाण्याचं पातेलं होतं आणि दोन्ही नाकपुड्या आठवडाभर बंद होत्या.

"अहो, खाली दूध करपलं," सुप्रभा दारातून म्हणाली. "वास नाही आला?"

नव्हता आला.

वाफ घेण्याचं कारण गुरुवार होतं. ग्लासगोच्या साउथ साइडला एका बोलिंग क्लबच्या वरच्या खोलीत डॉक्टर मंडळींचं एक वाईन सर्कल भरत असे. त्यात खुर्च्या बारा. कुणी वारलं किंवा स्पेनला राहायला गेलं तरच एखादी रिकामी व्हायची. त्या वर्षी, म्हणजे २००७ साली, एक त्वचारोगतज्ज्ञ स्पेनला गेले, आणि सव्वीस वर्षं ग्लासगोत भूल देण्याचं काम करणाऱ्या शशिधररावांना पाहुणा म्हणून बोलावणं आलं. पाहुण्याने तीन बैठकांना यायचं. तिसऱ्या बैठकीत नाव झाकून ठेवलेल्या वाईन ओळखायच्या. मग सभासद एका टोपीत गुपचूप मत टाकणार. माणूस हवा असेल तर बूच आणि नको असेल तर फिरकीचं झाकण. एक जरी झाकण निघालं तरी पाहुण्याने कोट घालून घरी जायचं.

शशिधररावांना ती खुर्ची हवी होती, आणि त्याचा वाईनशी फारसा संबंध नव्हता. सव्वीस वर्षांत हॉस्पिटलमधल्या लोकांनी त्यांना एकाच विषयातलं तज्ज्ञ मानलं होतं. तो विषय भूल नव्हता, करी होता. नाताळची पार्टी कुठल्या रेस्टॉरंटमध्ये घ्यायची, मद्रास करी जास्त तिखट की व्हिंडालू, सगळं त्यांना विचारायचं. ऑपरेशन टेबलावरचे पेशंटसुद्धा दहापासून उलटे आकडे मोजायचे सोडून तंदुरी कुठली चांगली ते विचारत झोपी जात. वास्तविक शशिधरराव वरणभात खाणारे गृहस्थ. त्यांना हिरव्या मिरचीने उचकी लागते. निवृत्त व्हायच्या आत निदान एका खोलीत तरी आपल्याला मसाल्याखेरीज काहीतरी विचारावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

पहिल्या दोन बैठका बऱ्या गेल्या. बोलायची युक्ती त्यांनी लवकर हेरली होती. वाईन हुंगायची, डोळे मिटायचे, आणि एक फळ, एक दगड आणि एक जुनं फर्निचर अशी तीन नावं घ्यायची. "नाशपती, ओली पाटी, आणि थोडं आजोबांचं कपाट," असं ते दुसऱ्या बैठकीत म्हणाले तेव्हा मोरा नावाच्या पॅथॉलॉजिस्ट बाईंनी ते लिहून घेतलं होतं.

तिसरी बैठक ज्युराची होती. ज्युरा म्हणजे बरगंडी आणि स्वित्झर्लंड यांच्यामध्ये फ्रान्सने चेपून बसवलेला डोंगराळ पट्टा. शशिधररावांनी फेलोशिपच्या परीक्षेसारखा त्याचा अभ्यास केला. आर्ब्वा हे तिथलं मुख्य गाव. लेत्वालच्या मातीत चांदणीच्या आकाराचे जीवाश्म सापडतात. शातो-शालों नावावरून किल्ला वाटतो, पण आहे कड्यावर बसलेलं खेडं, आणि द्राक्षमळे त्याच्या पायाशी, निळसर करड्या चिकणमातीत. पूलसार नावाच्या द्राक्षाची वाईन इतकी फिकी, की तिला रेड म्हणायचं ते केवळ सौजन्य म्हणून. त्रूसो जरा अंगाने भरलेली. एक गोड वाईन अशी, की तिच्यासाठी द्राक्षं नाताळ उलटेपर्यंत गवतावर वाळवत ठेवतात. आणि या सगळ्यांची महाराणी म्हणजे पिवळी वाईन, व्हँ झोन. सावान्यँ जातीच्या द्राक्षांचा रस पिंपात घालायचा आणि सहा वर्षं त्याच्याकडे बघायचं नाही. पिंपातली वाईन आटत जाते, वर पांढरट साय धरते, तरी भर घालायची नाही. लिटरमागे जे उरतं ते एका बुटक्या, रुंद खांद्यांच्या बाटलीत भरायचं.

हे सगळं त्यांनी जेवताना सुप्रभाला सांगितलं. ते विषय काढत तेव्हा भूल द्यायला त्यांना गॅस लागत नसे, पण त्या दिवशी ती जागी होती.

"म्हणजे लोणच्यावर बुरशी आली तसंच ना?" ती म्हणाली. "आमच्याकडे अशी बरणी फेकून देतात."

"तिथे राजाला पाठवायचे."

"राजाला काय कळतंय."

व्हँ झोनला अक्रोडाचा वास येतो, असं पुस्तकात होतं. शशिधररावांनी सुपरमार्केटमधून अक्रोड आणले आणि रोज रात्री एक फोडून हुंगला. सर्दीमुळे कसलाच वास आला नाही. अक्रोड मात्र संपले.

आता मधे येते ती मेथी. मिल्टन कीन्सला त्यांची मुलगी तनया नुकतीच बाळंत झाली होती, आणि शुक्रवारी सकाळी नवराबायकोने गाडी काढून तिच्याकडे जायचं ठरलं होतं. बाळंतिणीकडे रिकाम्या हाताने जात नाहीत. सुप्रभाने मेथी दळून तुपात भिजत घातली, ती चांगली मुरू दिली, आणि गुरुवारी कणीक, डिंक, खारीक, खोबरं घेऊन लाडवांना बसली. तनयाने फोनवर "बाबा, आईला सांग ना, मला नको ते लाडू" असं सांगितलं होतं. शशिधररावांनी तो निरोप पोचवला नाही, कारण त्यांना सुप्रभासोबत अजून बरीच वर्षं राहायचं होतं.

त्यांनी एवढंच विचारून पाहिलं, की नेमका गुरुवारच कशाला.

"बाळ काय तुमची मीटिंग बघून आलंय का?" सुप्रभा म्हणाली, आणि विषय संपला.

परदेशात संसार केलेल्या कुणालाही यातला धोका सांगायला नको. ग्लासगोत नोव्हेंबरात खिडकी उघडत नाहीत, आणि एकदा लोकरीच्या कापडात शिरलेला वास कोट झिजला तरी निघत नाही. म्हणून खांबेट्यांच्या घरात पहिल्या वर्षापासून एक नियम होता. मोहरी तेलात पडायच्या आधी घरातले सगळे कोट वरच्या खोलीत जायचे, दार लागायचं आणि दाराच्या फटीला टॉवेल. तनयाच्या शाळेचा ब्लेझर तर बारा वर्षं असा फोडणीच्या वेळी पळवून नेला जात होता. कुणाचा इंटरव्ह्यू असला की सूट आदल्या दिवशी शेजारच्या घरी जायचा. देवघरातल्या सोवळ्याची झाली नसेल एवढी जपणूक त्या घरात कोटांची झाली.

मेथीपुढे मात्र टॉवेल टिकायचा नाही, हे शशिधररावांना माहीत होतं. त्यांनी सूट मंगळवारीच ड्राय क्लीनरच्या प्लास्टिकसकट घराबाहेर काढला आणि गाडीत मागच्या सीटवरच्या हुकाला टांगला. गुरुवारी संध्याकाळी सूट न घालताच ते निघाले, बोलिंग क्लबच्या पार्किंगमध्ये पावसाच्या भुरभुरीत उभ्या उभ्या जॅकेट चढवलं, आणि ताठ मानेने वर गेले. नाकही त्या दिवशी उघडलं होतं. सगळं जुळून आलं होतं.

वर लांबट टेबल, पांढरा कपडा, आणि पाच काचेच्या सुरया. सर्कलचे अध्यक्ष डंकन हे निवृत्त सर्जन होते. वय चौऱ्याहत्तर, चष्मा खिशात आणि खिशातच राहणारा. सगळ्या वाईन त्यांनी दुपारीच खालच्या स्वयंपाकघरात एकट्याने बाटल्यांतून सुरयांत ओतून ठेवल्या होत्या, कारण व्हँ झोनची बाटली दिसली की तिच्या खांद्यांवरूनच कुणीही ओळखेल. एखादी बाटली बुचाने बिघडलेली निघाली तर पंचाईत नको, म्हणून शार्दोने नेहमीप्रमाणे दोन आणल्या होत्या, हेही त्यांनी सांगितलं. डंकन खबरदारीचे माणूस होते.

पाहुण्याची खुर्ची खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरला लागून होती.

पहिल्या ग्लासात पूलसार. शशिधरराव म्हणाले रानटी स्ट्रॉबेरी, गेरू, देव्हारा. देव्हाऱ्याला इंग्रजी शब्द शोधताना जरा वेळ गेला, पण एकूण परिणाम चांगला झाला. दुसऱ्यात त्रूसो. तेवढ्यात मोरा उठल्या आणि, कुणाची हरकत नसेल तर, म्हणून त्यांनी खिडकी उघडली. हरकत कुणाचीच नव्हती. उलट दोन-तीन जण खिडकीकडे खुर्च्या सरकवून बसले. तिसऱ्या ग्लासात शार्दोने. हिरवं सफरचंद, खडू, शाळेचा बाक, असं शशिधरराव म्हणाले आणि हाडांचे डॉक्टर ह्यू यांनी मान डोलावली. हे ह्यू म्हणजे गेली अठरा वर्षं त्यांना दर सोमवारी करीबद्दल विचारणारे गृहस्थ. शशिधररावांना आपण बाराव्या खुर्चीवर अर्धे बसलोच आहोत असं वाटलं.

पण खिडकीतून ग्लासगो आत आलं होतं. डंकनना थंडी वाजली, म्हणून त्यांनी रेडिएटर पूर्ण सोडला. चौथी सुरई फिरली. शशिधररावांनी ग्लास उचलला, डोळे मिटले, नाक आत घातलं, आणि थबकले.

मेथी.

अक्रोड नाही, दगड नाही, कपाट नाही. स्वच्छ, निखळ, तुपात परतलेली मेथी. त्यांनी ग्लास खाली ठेवला. मेथी तशीच. त्यांनी हळूच मान वळवून खांद्याचा वास घेतला. रेडिएटरच्या शेजारी गरम होत गेलेलं जॅकेट बाळंतिणीच्या खोलीसारखं दरवळत होतं.

वैद्यकशास्त्र त्यांना आठवलं, पण उशिरा. एकाच वासात राहिलं की नाक तो वास सांगायचं बंद करतं. आठवडाभर सर्दी, त्यात तीन दिवस घरात मेथी. त्यांच्या नाकाने ती कधीच हिशेबातून काढून टाकली होती. आता खिडकीची हवा लागल्यावर नाक कामावर रुजू झालं होतं. मग मोरांनी खिडकी का उघडली, हेही त्यांना कळलं. ज्या खोलीत आपल्याला कुणी करीबद्दल विचारू नये म्हणून ते आले होते, त्या खोलीत तेच करी होऊन बसले होते.

हॉस्पिटलला फोन करायचाय असं सांगून ते खाली पार्किंगमध्ये गेले. जॅकेटमध्ये मेथी शिरली कुठून हे त्यांना उलगडेना, कारण सूट तर मंगळवारपासून घराबाहेर होता. जॅकेट डिकीत टाकावं म्हणून त्यांनी ती उघडली, तर आत, मागच्या सीटच्या अगदी पाठीला टेकून, सुप्रभाचा मोठा स्टीलचा डबा. त्यांना सगळं कळलं. घरातल्या उबेत लाडू लवकर सुकत नाहीत, बाहेर छान थंडी, आणि सकाळी निघायच्या घाईत डबा विसरायला नको. तिच्या बाजूने विचार बिनतोड होता. सुटाच्या मागे वीतभर अंतरावर दुपारभर गरम लाडू निवत बसले होते. खात्री करायची म्हणून त्यांनी डबा उघडला, एक लाडू उचलून हुंगला, आणि परत ठेवला. मग सुप्रभाला फोन लावला.

"डबा गाडीत ठेवलास?"

"मग काय डोक्यावर ठेवू?" ती म्हणाली. "आणि त्यातला खाऊ नका, बाळंतिणीचा आहे. कशी चाललीये मीटिंग?"

ते म्हणाले, बरी चाललीये.

जॅकेट डिकीत टाकून ते नुसत्या शर्टावर वर आले. ह्यूंनी विचारलं, थंडी नाही वाजत का. ते म्हणाले, आम्ही पुण्याकडचे लोक काटक असतो. हे वाक्य आजवर कुठल्याही पुणेकराने थंडीच्या संदर्भात उच्चारलेलं नाही. बसल्यावर त्यांनी चौथा ग्लास पुन्हा उचलला, आणि मेथी आता पहिल्यापेक्षा दुप्पट होती. डबा उघडलेला हात ग्लासाला होता, आणि हाताला तूप.

तोवर चौथ्या ग्लासावर एकेक जण बोलायला लागला होता. कुणी अक्रोड म्हणालं, कुणी पानगळीचं जंगल, कुणी चामड्याची खुर्ची. बोलताना प्रत्येकाची नजर एकदा शशिधररावांकडे जाई आणि घाईने छताकडे वळे. डंकन प्रत्येकाला निर्विकारपणे पुढे नेत होते. शेवटी पाहुण्याची पाळी आली.

अक्रोड म्हणावं, हे त्यांना सुचलं होतं. पुस्तकात तसंच होतं, आधीच्या लोकांनीही तेच म्हटलं होतं. पण अकरा सुसंस्कृत माणसं आपला वास सहन करत बसली आहेत आणि आपण त्यांच्यापुढे अक्रोड म्हणायचं, हे त्यांच्या जिवावर आलं. झाकण तर टोपीत पडणारच होतं. मग निदान माणसासारखं बोलून उठावं.

"मला मेथीचा वास येतोय," ते इंग्रजीत म्हणाले. "फक्त मेथीचा. करी पावडरमध्ये असते ती. दुसरं काहीही येत नाही. सॉरी."

डंकननी ग्लास खाली ठेवला, खिशातला चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि शशिधररावांकडे कितीतरी वेळ पाहिलं.

"एकोणीस वर्षं," ते म्हणाले. "एकोणीस वर्षं मी या खोलीत व्हँ झोन आणतोय. ती ओळखायची खरी खूण मेथी आहे. जे द्रव्य मेथीत असतं, तेच तिच्यात असतं. तिथले मळेवालेसुद्धा करीचं नाव घेतात. आणि तुम्ही सगळे दरवर्षी मला अक्रोड सांगता."

त्यानंतर जे झालं त्याला शशिधररावांचा इलाज नव्हता. सगळ्यांनी ग्लास पुन्हा नाकाशी नेले. मोरा म्हणाल्या, अर्थातच मेथी, मला पहिल्यापासून येत होती, पण मला वाटलं... आणि त्या लालबुंद झाल्या. ह्यू म्हणाले, मलाही येत होती, पण मीही तेच समजलो, आणि अशा गोष्टी बोलायच्या नसतात. अकरापैकी नऊ जणांनी कबूल केलं की करीचा वास त्यांना संध्याकाळभर येत होता आणि केवळ सभ्यता म्हणून ते अक्रोड म्हणाले होते. सगळ्यांनी शशिधररावांची मनापासून माफी मागितली. ती माफी इतकी मनापासूनची होती की तिला मधेच अडवणं वाईट दिसलं असतं.

तरी त्यांनी प्रयत्न केला. माझ्या गाडीत लाडूंचा डबा आहे, मुलगी बाळंत झालीये, जॅकेट मागच्या सीटवर होतं, असं सगळं त्यांनी खरंखरं सांगितलं. लोक हसले. स्वतःचं कौतुक झालं की माणसाने असंच काहीतरी बोलायचं असतं, हे त्या देशात सगळ्यांना ठाऊक आहे. ह्यूंनी तर डबा आणायलाच लावला. लाडू फुटले, वाटले गेले. डंकननी एक तुकडा चौथ्या ग्लासाबरोबर चावला, डोळे मिटले, आणि ज्युरातल्या प्रसिद्ध चीजपेक्षाही ही जोडी अधिक योग्य आहे असा निर्णय दिला. लाडू दातांखाली कडू लागला तेव्हा मोरांनी त्या कडूपणाला लांबत जाणारा आणि प्रामाणिक म्हटलं.

गोड वाईनचा पाचवा ग्लास झाला आणि टोपी फिरली. उपडी केली तेव्हा बुचं निघाली, सगळी बुचंच. डंकननी बाराव्या खुर्चीच्या मानकऱ्याचं नाव घेतलं, टाळ्या झाल्या, आणि मार्चची बैठक त्यांनी घ्यावी असं एकमताने ठरलं. विषय ह्यूंनी सुचवला. कुठली वाईन कुठल्या करीबरोबर.

शशिधररावांनी हो म्हटलं. नाकाने माणूस आत आला होता, आता मागच्या दाराने कुठे जाणार.

सर्कलच्या रिवाजाप्रमाणे सगळ्यात नव्या सभासदाने ग्लास विसळायचे आणि रिकाम्या बाटल्या काचेच्या कचऱ्याच्या पेटीत टाकून घरी जायचं. मंडळी आपापले कोट घालून, पायऱ्यांवर मेथी या शब्दाचा उच्चार घासूनपुसून करत निघून गेली. शशिधरराव खालच्या स्वयंपाकघरात गेले, बाह्या वर केल्या, साबणाने आधी हात धुतले आणि मग ग्लास. नंतर त्यांनी डंकनचं खोकं पुढे ओढलं. पूलसारची रिकामी बाटली निघाली, त्रूसोची निघाली, गोड वाईनची छोटी निघाली. शार्दोनेच्या दोन निघाल्या, दोन्ही रिकाम्या.

खोक्याच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक बुटकी, रुंद खांद्यांची बाटली होती. ती भरलेली होती आणि तिच्या मानेवरची लाख कुणी फोडलेली नव्हती.